हळदीचा अर्क आणि पर्यावरणपूरक द्रावके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हळद, कोकम, गवती चहा, कडुनिंब अशा वनस्पतींचा अर्क काढण्याचा छोटा कारखाना चालवणाऱ्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे बहुतेक हळदीची आहेत, कारण येणारे प्रश्नही बहुतेक हळदीचेच असतात.

प्रश्न : एखादे द्रावक, म्हणजे अर्क उतरवून घ्यायला वापरायचा द्रव, ‘पर्यावरणपूरक’ आहे हे कशावरून ठरवायचे?

पिंपावरच्या हिरव्या लेबलवरून ठरवू नये, एवढे आधी सांगतो. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. त्यांतले एक तत्त्व थेट द्रावकांविषयी आहे : शक्य तिथे द्रावक टाळावे आणि टाळता येत नसेल तर निरुपद्रवी वापरावे. त्यातला ‘टाळावे’ हा शब्द आपल्याकडे बहुधा वाचलाच जात नाही आणि चर्चा थेट ‘कोणते वापरावे’ यावर येते.

व्यवहारात पाहायच्या गोष्टी अशा : द्रावक कशापासून बनले आहे, हाताळणाऱ्या कामगाराला त्याचा काय त्रास होतो, ते किती सहज पेट घेते, मालात किती उरते, परत मिळवायला किती उष्णता लागते आणि दर बॅचला किती उडून जाते. पहिल्या तीन गोष्टी द्रावकाच्या स्वभावाच्या आहेत. उरलेल्या बऱ्याच अंशी तुमच्या यंत्रसामग्रीवर आणि शिस्तीवर अवलंबून आहेत. म्हणून ‘इथेनॉल चांगले की हेक्झेन’ असे कोणी विचारले, तर मी उलट विचारतो की तुमच्याकडे महिन्याला किती द्रावक नव्याने विकत घ्यावे लागते. जे नव्याने घ्यावे लागते, ते कुठेतरी गेलेले असते : हवेत, सांडपाण्यात, चोथ्यात किंवा ग्राहकाच्या पोटात.

प्रश्न : हेक्झेन वर्षानुवर्षे वापरले जाते, मग आत्ताच त्याच्याविरुद्ध एवढी ओरड का?

हेक्झेन आवडण्याची कारणे खरी आहेत. ते ६९ अंश सेल्सिअसला उकळते, तेल झटकन ओढून घेते, पाण्यात मिसळत नाही आणि त्याची वाफ करायला उष्णता कमी लागते. सोयाबीन, भाताचा कोंडा आणि घाण्यातून निघालेली पेंड यांतले उरलेले तेल काढण्याचा अख्खा उद्योग त्यावर उभा आहे.

आक्षेप तीन आहेत. ते खनिज तेलापासून मिळते. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही ठिणगीने पेटते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : एन-हेक्झेनची वाफ दीर्घकाळ श्वासातून गेली, तर शरीरात त्याचे २,५-हेक्झेनडायोन बनते आणि हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. बोटांना मुंग्या येणे, पावले बधिर होणे ही सुरुवातीची लक्षणे. म्हणून हेक्झेनविषयी बोलताना ग्राहकाच्या आधी कामगाराचा विचार व्हायला हवा. बाटलीतल्या तेलात उरणारा अंश अत्यल्प असतो, पण चोथा उपसणारा माणूस रोज आठ तास त्या वासात उभा असतो.

हळदीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वेगळी आहे. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन हेक्झेनमध्ये जवळपास विरघळतच नाही. विरघळते ते हळदीचे तेल. त्यामुळे कर्क्युमिनसाठी हेक्झेनला पर्याय शोधतो आहोत असे कोणी सांगितले, तर आधी त्याच्या प्रक्रियेत हेक्झेनचे काम नेमके काय आहे ते विचारावे. बहुधा ते तेल धुऊन काढण्यापुरते असते.

प्रश्न : पाण्याइतके शुद्ध आणि स्वस्त द्रावक नाही. मग सगळे पाण्यातच का काढत नाही?

काढा हे पाण्यातले निष्कर्षणच, म्हणजे अर्क काढणेच, आहे आणि जे पाण्यात उतरते त्यासाठी ते उत्तमच आहे. कोकमाच्या सालीतले हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आणि लाल रंग पाण्यात सहज उतरतात. कोकणात आगळ करताना तर बाहेरचे पाणीही लागत नाही : पिकलेल्या रातांब्यांच्या बिया काढून सालींवर मीठ पेरत गेले, की साल स्वतःच पाणी सोडते आणि त्यात आंबटपणा व रंग दोन्ही उतरतात. द्रावक टाळण्याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. गवती चह्याच्या तेलालाही द्रावक लागत नाही. वाफेवर ऊर्ध्वपातन केले की काम झाले.

हळदीत अडचण अशी, की कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. पाण्यात अल्कली घालून ते विरघळवावे, अशी सूचना अधूनमधून येते. विरघळते खरे, आणि पाणी लालभडक होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेव्हा दिसतो तोच हा लाल रंग. पण अल्कलीयुक्त पाण्यात कर्क्युमिन फार काळ टिकत नाही, त्याचे रेणू तुटत जातात. कपाळावरच्या कुंकवासाठी ते चालते, प्रयोगशाळेत टक्केवारी तपासून विकायच्या मालासाठी चालत नाही.

दुसरी अडचण इंधनाची. पाण्यातला अर्क कोरडा करायचा तर पाणी उडवावे लागते. एक किलो द्रवाची वाफ करायला हेक्झेनला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, इथेनॉलला सुमारे ८४० आणि पाण्याला सुमारे २,२६०. बॉयलरमध्ये कोळसा किंवा लाकूड जळत असेल, तर ‘फक्त पाणी वापरतो’ हे वाक्य पूर्ण हिशोब सांगत नाही. अर्क द्रवरूपातच विकायचा असेल, तर मात्र पाण्याला तोड नाही.

प्रश्न : छोट्या कारखान्याने हळदीसाठी कोणते द्रावक निवडावे?

बहुतेकांना मी इथेनॉल सुचवतो. ते वनस्पतीजन्य आहे आणि महाराष्ट्रात उसाच्या मोलॅसिसपासून व रसापासून ते मोठ्या प्रमाणावर बनते. अर्कात थोडे उरले तरी अन्न व औषध या दोन्ही क्षेत्रांत ते सर्वांत कमी धोक्याच्या गटात मोडते. कर्क्युमिन अॅसिटोनमध्ये जास्त विरघळते, इथेनॉलमध्ये त्याहून कमी. पण इथेनॉल कोमट केले की फरक बराच भरून निघतो.

अडचणी तीन ठिकाणी येतात आणि तिन्ही ठिकाणी त्या आधी दिसत नाहीत.

पहिली भरडीची. पीठ जितके बारीक तितका अर्क जास्त, असे वाटते. प्रत्यक्षात मैद्यासारखे पीठ टाकीत चिकटून बसते, द्रावक त्यातून झिरपत नाही, एका बाजूने वाट काढून खाली उतरते आणि उरलेले पीठ कोरडे राहते. जाडसर रव्यासारखी भरड आणि तळाशी चांगले गाळणीचे कापड, हे बाजारातल्या कोणत्याही महाग यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसरी पाण्याची. बाजारातले इथेनॉल वजनाने सुमारे ९५.६ टक्के असते, कारण साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे पाणी वेगळे होत नाही. हळदीच्या भरडीत स्वतःची आर्द्रता असते आणि ती प्रत्येक फेरीत द्रावकात उतरते. एका पावसाळ्यात आम्ही दमट झालेली हळदीची कणी न वाळवता तशीच भरडून घेतली होती. पहिल्या दोन बॅच ठीक गेल्या. सहाव्या बॅचला मद्यार्कमापी बुडवला तर तो ८८ वर येऊन थांबला, आणि मिळालेला अर्क काकवीसारखा तार धरू लागला. निर्वातात दोन दिवस ठेवूनही तो सुकेना. पाणी वाढल्यामुळे कर्क्युमिनच्या बरोबर साखर आणि डिंकासारखे पदार्थही उतरले होते. तेव्हापासून भरड आधी वाळवायची आणि परत आलेल्या प्रत्येक पिंपाची तीव्रता मोजून वहीत लिहायची, हा नियम आहे. तीव्रता उतरली, तर ते इथेनॉल स्तंभातून पुन्हा ऊर्ध्वपातित करून घ्यावे. ‘अजून दोन बॅच काढू’ हा मोह महागात पडतो.

तिसरी अडचण परवान्याची. इथेनॉलची खरेदी, साठा आणि वापर यांसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि हिशोब लिटरवारी ठेवावा लागतो. हे टाळण्यासाठी काही जण डिनेचर्ड स्पिरिट वापरण्याचा विचार करतात. ते पिण्यायोग्य राहू नये म्हणून त्यात मुद्दाम नको ते पदार्थ घातलेले असतात आणि अर्क घट्ट होताना त्यांतले काही मागे राहू शकतात. खाण्याच्या मालासाठी तो विचार मनातून काढून टाकावा.

प्रश्न : इथाइल अॅसिटेट, लिमोनीन, २-मिथाइलऑक्सोलेन ही नावे ऐकू येतात. त्यांचे काय?

इथाइल अॅसिटेट हा इथेनॉलचाच नातेवाईक आहे. इथेनॉल आणि अॅसेटिक आम्ल यांपासून तो बनतो. ७७ अंशांना उकळतो, कर्क्युमिनही तेलही दोन्ही ओढतो आणि साखर मागे ठेवतो, त्यामुळे अर्क स्वच्छ निघतो. नखांचे पॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा त्याचा गोडसर वास मात्र शेडमध्ये लगेच पसरतो, आणि शंभर भाग पाण्यात सुमारे आठ भाग विरघळत असल्यामुळे धुण्याच्या पाण्यातून बराच निसटतो. इथेनॉलच्या परवान्याला कंटाळलेल्यांना तो सोयीचा वाटतो आणि ते चुकीचे नाही.

लिमोनीन संत्र्याच्या सालीतून मिळते, त्यामुळे नागपूरकरांना त्याचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. पण ते १७६ अंशांना उकळते. अर्कातून ते पूर्ण काढायचे तर अर्क भाजला जाईल, आणि हवेत जुने झालेले लिमोनीन त्वचेला त्रास देते. यंत्रांचे भाग पुसायला ते छान आहे.

२-मिथाइलऑक्सोलेन हे फरफ्युरलपासून बनते आणि फरफ्युरल उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या बुरकुंडापासून करता येते. उकळबिंदू सुमारे ८० अंश. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अन्नासाठीच्या निष्कर्षण द्रावकांच्या यादीत त्याचा समावेश केला. हेक्झेनचा खरा वारसदार म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. हवेशी संपर्क राहिल्यास त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून उघडी पिंपे महिनोन्महिने ठेवण्याची सवय असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडने अर्क काढणे हे सर्वांत स्वच्छ तंत्र आहे ना?

स्वच्छ आहे, यात वाद नाही. ३१.१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार दाब यांच्यावर कार्बन डायऑक्साइड धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. तो वायूसारखा भरडीत शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. दाब सोडला की वायू निघून जातो आणि अर्कात काहीही उरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस यांनी कॉफीतले कॅफीन काढायला चक्क बेंझीन वापरले होते. पुढे त्याच देशात, म्युलहाइमच्या मॅक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात हेच काम कार्बन डायऑक्साइडने होते हे दाखवले. बेंझीन कर्करोगकारक आहे हे लक्षात घेतले, म्हणजे हा प्रवास केवढा मोठा आहे ते कळते.

हळदीत मात्र पुन्हा तीच अडचण. हळदीचे सुगंधी तेल कार्बन डायऑक्साइडमध्ये छान उतरते, कर्क्युमिन फारसे उतरत नाही; त्यासाठी जोडीला थोडे इथेनॉल सोडावे लागते. मग प्रश्न असा, की नाहीतरी इथेनॉल लागणारच असेल, तर काही शे बार दाब सोसणारी जाड पोलादी पात्रे आणि त्यांचा कोटींच्या घरातला खर्च कशासाठी? तेल विकायचे असेल, आल्याचा किंवा वेलदोड्याचा अर्क करायचा असेल, तर खर्च समर्थनीय ठरू शकतो. फक्त कर्क्युमिनसाठी मी तरी तो सुचवणार नाही. मद्यार्क कारखान्यात आंबवताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून वापरला, तर ती चांगलीच गोष्ट. पण बंद खोलीत तो गळला तर जमिनीलगत साचतो आणि माणूस वास न येता गुदमरतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : ‘डीप युटेक्टिक’ आणि ‘हायड्रोट्रोप’ हे प्रयोगशाळेपुरतेच आहेत का?

बरेचसे आहेत, पण दोन्हींची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. डीप युटेक्टिक म्हणजे दोन पदार्थांचे असे मिश्रण, जे त्या दोघांपेक्षा खूपच कमी तापमानाला वितळते. ३०२ अंशांना वितळणारे कोलीन क्लोराइड आणि १३३ अंशांना वितळणारा युरिया १:२ प्रमाणात मिसळले, की मिश्रण १२ अंशांनाच द्रव होते. लेस्टर विद्यापीठातल्या अँड्र्यू अॅबट यांच्या गटाने २००३ मध्ये हे मांडले. पुढे साखर, सायट्रिक आम्ल, ग्लिसरॉल अशा खाद्य पदार्थांपासूनही अशी मिश्रणे तयार झाली. ती उडत नाहीत, म्हणून हवा बिघडत नाही. आणि ती उडत नाहीत, म्हणूनच अर्कातून काढताही येत नाहीत. मधासारख्या दाट द्रवातून कर्क्युमिन वेगळे करायला पाणी ओतून ते खाली बसवावे लागते आणि मग ते पाणी उडवून द्रावक परत मिळवावे लागते. द्रावकासकटच अर्क विकायचा असेल, उदाहरणार्थ ग्लिसरॉलमधला रंग, तर हा मार्ग चांगला.

हायड्रोट्रोपचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. काही लवणांच्या तीव्र द्रावणात पाण्यात न विरघळणारे पदार्थही विरघळतात, या गुणाला कार्ल न्यूबर्ग यांनी १९१६ मध्ये नाव दिले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, विलास गायकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला याच मार्गाने मिऱ्यातले पायपरिन आणि हळदीतले कर्क्युमिनॉइड, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्यासारखी रंगद्रव्ये, काढून दाखवले. द्रावणात नुसते पाणी वाढवले की कर्क्युमिनॉइड खाली बसतात. आग नाही, वास नाही. अडचण एवढीच, की पातळ झालेले द्रावण पुन्हा तीव्र करायला पाणी उडवावे लागते आणि आपण परत त्या २,२६० किलोज्यूलपाशी येतो.

प्रश्न : अल्ट्रासाउंड किंवा मायक्रोवेव्ह लावल्यास द्रावक कमी लागते का?

वेळ नक्की कमी लागतो, द्रावकही काही प्रमाणात. पण आधी भरड, तापमान आणि प्रवाह ठीक करावेत. ते न करता यंत्र आणलेले कारखाने मी पाहिले आहेत. यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेले असते.

प्रश्न : पर्यावरणपूरक द्रावकाला आगीचा धोका नसतो ना?

असतो, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. इथेनॉलची वाफ १३ अंशांच्या आसपास आणि इथाइल अॅसिटेटची शून्याच्याही खाली ठिणगीने पेटू शकते; महाराष्ट्रातल्या बहुतेक शेडचे तापमान वर्षातला बराचसा काळ याच्या वर असते. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीवरून सरपटत दूरच्या स्विचपर्यंत पोचतात. फ्लेमप्रूफ मोटर व दिवे, पिंपांना अर्थिंग, खालच्या पातळीवर वायुवीजन आणि प्लास्टिकच्या बादलीने द्रावक न ओतणे, या गोष्टींत तडजोड नको. ज्वलनशील पेट्रोलियम द्रावकांचा साठा ठरावीक प्रमाणापलीकडे असेल, तर पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे.

प्रश्न : मालात किती द्रावक उरलेले चालते?

हे माल कुठे जाणार त्यावर ठरते. भारतात द्रावकाने काढलेले खाद्यतेल शुद्धीकरण केल्याशिवाय विकता येत नाही आणि शुद्ध केलेल्या तेलात हेक्झेन ५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ५ भागांच्या, आत हवे. युरोपात तेलासाठी ती मर्यादा १ पीपीएम आहे. रंग म्हणून युरोपात जाणाऱ्या कर्क्युमिनमध्ये इथेनॉल, अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट, हेक्झेन आदी मिळून ५० पीपीएमपर्यंत आणि डायक्लोरोमिथेन १० पीपीएमपर्यंत चालते. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हेक्झेनला २९० पीपीएम, तर इथेनॉल व इथाइल अॅसिटेटला ५,००० पीपीएम एवढी सूट आहे. तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीने होते. नाकाने होत नाही.

प्रश्न : सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या हळदीचा अर्क सेंद्रिय म्हणून विकता येईल का?

प्रक्रियाही सेंद्रिय नियमांत बसली तरच. त्या नियमांत निष्कर्षणासाठी पाणी, इथेनॉल, वनस्पती व प्राणिज तेले, व्हिनेगर, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन अशा मोजक्याच पदार्थांना मुभा आहे. अॅसिटोन, हेक्झेन आणि इथाइल अॅसिटेटही त्यात नाहीत.

प्रश्न : द्रावक निर्धोक असेल, तर जंगलातून आणलेला कच्चा माल चालेल का?

नरक्या या झाडाचे उदाहरण पाहा. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. कर्करोगावरच्या औषधांना त्याचा आधार मिळाला. पुढे तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले आणि कोयनेपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. अशा लाकडाचा अर्क मिथेनॉलऐवजी कितीही सौम्य द्रावकाने काढला, तरी झाड गेलेलेच असते. लागवडीचा किंवा वनखात्याच्या रीतसर परवान्याचा माल नसेल, तर पुढच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : उरलेल्या चोथ्याचे काय करावे?

आधी त्यातले द्रावक काढावे. टाकीतून निथळून झाल्यावरही चोथ्यात बरेच द्रावक अडकून बसलेले असते. ते वाफेने किंवा निर्वाताने बाहेर काढून कंडेन्सरला नेले नाही, तर सगळा हिशोब इथेच फसतो. अनेक कारखान्यांत हा चोथा उन्हात पसरून ‘वाळवला’ जातो, म्हणजे द्रावक हवेत सोडले जाते.

एक साधी चाचणी सांगतो. कंडेन्सरमधून येणारी धार थांबली, की चोथ्याच्या ढिगाच्या मध्यातून, वरून नव्हे, मूठभर चोथा घ्यावा, काचेच्या बरणीत भरून घट्ट झाकण लावावे आणि बरणी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवावी. झाकण उघडताच स्पिरिटचा वास आला, तर वाफ बंद करण्याची वेळ अजून आलेली नाही. हळदीचाच मातकट वास आला, तर चोथ्याचे वजन करून वहीत लिहावे आणि मग तो खताला किंवा बॉयलरला द्यावा. जनावरांच्या खाद्यासाठी द्यायचा असेल, तर मात्र बरणीवर विसंबू नये. नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.